निचरा

ज्या दुपारी डॉक्टर लाटकरांनी ‘कदाचित’ म्हटले, त्या दुपारपासून सुलक्षणा टिपणिसांच्या घरातून काहीही बाहेर जाईनासे झाले. मोरीत ओतलेले पाणी जाळीवर उभे राहिले. फोडणीचा वास खिडकीपर्यंत गेला आणि परत येऊन बैठकीत बसला. कचरा नेणारी बाई दाराशी आली, डबा ओढून पाहिला आणि ‘‘आज जड आहे,’’ असे म्हणून शेजारच्या घरी गेली.

सुलक्षणाबाई मिरजेच्या एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत. सिद्ध न झालेल्या गोष्टीला भिणे त्यांना असभ्यपणाचे वाटे. लघवीत प्रथिने सापडली होती, रक्तातले क्रिएटिनिन धोक्याच्या काठावर होते. तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्याविना मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकाराचे निदान करता येणार नव्हते. तोवर शहाळी टाळा, त्यांतले पोटॅशियम बाधू शकते, असे डॉक्टरांनी बजावले होते.

साहजिकच सगळे शहाळी घेऊन आले. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, हा नियम आपल्याकडे वैद्यकाहून जुना आहे आणि त्याला पुराव्याची गरज लागत नाही.

‘‘याने आतून धुऊन निघतं,’’ नवऱ्याची गोदूमावशी म्हणाली. ‘‘पी मुकाट्याने.’’

‘‘मावशी, मला ते बाधू शकतं.’’

‘‘शकतं-बिकतं तुझं कॉलेजात. आमच्या यमुनेचं काय झालं ठाऊक आहे ना?’’

‘‘काय झालं?’’

‘‘जाऊ दे. तू पी.’’

जे आले ते राहिले. उठून दारापर्यंत जात, चपला शोधत, आणि काही सांगायचे राहिले म्हणून परत येऊन बसत. यात कोणालाच वावगे दिसले नाही. हळूहळू त्यांचे पाय सुजले, बांगड्या मनगटांत रुतल्या. मग भिंतींना सूज आली. भिंतीवर बोट दाबले की खळगा पडे आणि तो सावकाश भरून येई. खोली दर सकाळी थोडी लहान असे.

‘‘यांना जायला सांग,’’ सुलक्षणाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

‘‘कसं सांगू? तुझ्यासाठीच तर आलेत,’’ मकरंद म्हणाला. तो दोन आत्यांच्या मध्ये दाटून बसला होता.

तीन महिने भरले. लघवीच्या नमुन्याची बाटली घेऊन सुलक्षणाबाई दारापाशी गेल्या. पाऊल उंबऱ्यापलीकडे टाकले. ते आतच पडले. नमुना न्यायला आलेल्या प्रयोगशाळेच्या मुलीने बाहेरून हात पुढे केला. बाटली तिच्या बोटांपर्यंत पोहोचली आणि मागे सरकली.

‘‘असू दे मॅडम,’’ मुलगी म्हणाली. ‘‘मी डॉक्टरांनाच इकडे पाठवते.’’

‘‘नको,’’ सुलक्षणाबाई म्हणाल्या.

शब्द उंबऱ्याच्या आत पडला. मुलगी हसली आणि जिना उतरून गेली.

डॉक्टर लाटकर संध्याकाळी आल्या. त्या आत शिरताच त्यांच्या पाठीमागे दार दोन्ही बाजूंनी फुगून मिटले. त्यांनी तिकडे पाहिले नाही. बाटलीत कागदाची पट्टी बुडवून त्यांनी ती दिव्याखाली धरली. पट्टीचा रंग बदलू लागला. कोणत्या रंगाचा काय अर्थ, हे त्या खोलीत एकट्या त्यांना ठाऊक होते.

तेवढ्यात गलका थांबला. गोदूमावशीचे डोळे भरले, पण पाणी बुबुळांच्या मागेच तुंबले. मकरंदने श्वास घेतला, सोडला नाही. सुलक्षणाबाईंचा घाम कपाळाच्या कातडीखाली गोळा झाला. ‘आहे की नाही?’ हा प्रश्न त्यांच्या टाळूला चिकटून राहिला. उंबरा आता प्रत्येकाच्या कातडीपर्यंत सरकला होता.

डॉक्टरांना कळले होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते इतके स्पष्ट होते, की ते चांगले की वाईट एवढेच वाचायचे राहिले होते. हो-नाही सांगायला मान हलवावी, तर ती सुजून ताठ झाली होती; हलेना. त्यांनी तोंड उघडले. गळ्याच्या कातडीखाली उत्तराचा चिंचोक्याएवढा उंचवटा दिसला. तो वर आला, थांबला, पुन्हा खाली गेला.

सुलक्षणाबाईंनी डॉक्टरांच्या गळ्यावर दोन्ही अंगठे त्या उंचवट्याच्या खाली ठेवले आणि वर दाबायला सुरुवात केली.