बाळाचे सतरा सेकंद
सतरा वर्षं मी प्रयोगशाळेत रक्त किती सेकंदांत गोठतं ते मोजतेय. नव्या मुलींना शिकवतेही, "बाळाचा आकडा मोठ्यांच्या तक्त्याशी लावायचा नाही. रक्त गोठवणारे बरेचसे घटक बाळात जेमतेम निम्मे असतात." असं रुबाबात म्हणते, जणू हा शोध मीच लावलाय.

मग माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली. बाळंतपणात तिचं रक्त जरा जास्त गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाच्या टाचेला सुई टोचली, तर तिथलंही थांबेना. मायलेकींचे दोन्ही नमुने माझ्याच टेबलावर आले.

बाळाचे सेकंद सतरा. तक्त्यात चौदाच्या वर धोका. बहिणीच्या रक्तात गुठळी बांधणारं प्रथिन नेहमीच्या दीडपट. लेकीचं पातळ, आईचं घट्ट! वॉर्डापर्यंतचे तीन जिने मी धावत चढले. एक चप्पल खालीच राहिली, हे वर गेल्यावर कळलं.

"बाळाला कुणी हात लावू नका!" मी दारातूनच ओरडले.

बहीण रडायला लागली. तिच्या सासूबाई मटकन खाली बसल्या. बाळ तेवढं शांत झोपलं होतं.

बाळांच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. "कुठल्या तक्त्याशी लावलात?"

मी रिपोर्टवरचा तक्ता पाहिला. मोठ्यांचा होता.

"एका दिवसाच्या बाळाला सतरा चालतात. आणि बाळंतपणात रक्त जाणार म्हणून आईचं शरीर आधीच तयारी करून ठेवतं. हे तुम्हीच शिकवता ना?"

"शिकवते," मी पुटपुटले. मग अब्रू सावरायला काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलंय ना?"

"जन्मल्याबरोबरच देतो," म्हणत नर्सने केसपेपर उलटला. पुन्हा उलटला. सही नव्हती. त्या वेळी सगळे बहिणीभोवती धावत होते आणि बाळाचं, रक्त गोठायला मदत करणारं ते इंजेक्शन राहूनच गेलं होतं.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. पाच मिनिटांत इंजेक्शन दिलं. बाळाने वॉर्ड डोक्यावर घेतला. संध्याकाळपर्यंत टाच कोरडी झाली.

"मावशीची नजर घारीची!" सासूबाई आता भेटेल त्याला सांगतात. मी मान खाली घालते. त्याला त्या विनय म्हणतात.

बहीण मात्र म्हणाली, "ताई, धावायचं कशाला? वॉर्डात फोन आहे गं."