पंतांच्या पायाखालचे कापड

मित्रांनो, सोनागिरीतल्या एका स्वयंपाकघरात ओट्यावर कोपरा उडालेला, पिवळा पडलेला वजनकाटा दिसतो ना, तो मीच. कांचनकाकूंनी मला बिट्टन मार्केटमधून आणले, त्याला चौदा वर्षे झाली. पहिल्या दिवाळीला माझा काय तोरा होता! चकलीची भाजणी असो की अनारशांचे पीठ, माझ्याशिवाय पान हलत नसे. "काटा असावा तर असा," असे नरहरकाका येईल त्याला सांगत. काका मोठ्या कारखान्यात तपासणी विभागात होते. केसाएवढी चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. अशा माणसाची शाबासकी मिळाली की कोणीही फुगणारच.

पुढे मुले नोकरीसाठी लांब गेली, फराळ विकतचा येऊ लागला आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो. गेल्या पावसाळ्यात मला खाली काढले, ते पंतांसाठी.

पंत म्हणजे या घरातला कॉकाटील, छोट्या पोपटासारखा पक्षी. डोक्यावर पगडीसारखा तुरा, म्हणून पंत. वय सतरा. एका डोळ्यात मोतीबिंदू, सांधेदुखीने वाकडी झालेली बोटे, आणि भरीस भर म्हणून यकृताचे दुखणे. पक्ष्यांच्या डॉक्टर विनितांनी बजावले होते, "आंटी, पक्षी बीमारी लपवतात. पिसांमुळे बारीक झालेलं दिसतच नाही. रोज सकाळी खाली पेट, दाणे देण्याआधी, वजन करा आणि दर शनिवारी मला फोन करा. त्यावरच मी दवा ठरवणार."

म्हणजे एका जिवाचा भार माझ्यावर आला. ओट्यावर मी, माझ्यावर वाडगा, वाडग्यात लोकरी कापडाची घडी, कारण गार वाडग्यात पंतांचे पाय दुखत. मग काका माझे शून्याचे बटण दाबत आणि नंतरच पंतांना आत ठेवत. त्यामुळे कापडाचे वजन आकड्यात येत नसे. काकू मोठ्याने वाचत, "ब्याण्णव ग्रॅम!"

दिवाळीनंतर आकडा उतरू लागला. नव्वद. अठ्ठ्याऐंशी. त्या सकाळी काकूंनी चहा तसाच ठेवला आणि दुपारी त्या भरल्या पानावरून उठल्या. त्यांना रक्तदाबाचा त्रास. काकांचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बटण आधी दाबले आणि कापड नंतर ठेवले.

मी चरकलो. आकडा मात्र झाला नव्वद. काकू हसल्या, चहा प्यायल्या.

मग ते रोजचेच झाले. पंत हलके होत गेले आणि घडी जाड होत गेली. थंडी वाढली म्हणून काका जास्त जपतात, असे काकूंना वाटे. शनिवारच्या फोनवर काका म्हणत, "नव्वद, डॉक्टर. जैसे थे." शेजारी काकू उभ्या असत, दुसरा आकडा सांगणार कसा? मला ओरडावेसे वाटे. पण काट्याला एकच भाषा येते. जे ठेवाल ते दाखवायचे.

जानेवारीतल्या एका सकाळी पंत दांडीवरून धपकन पडले. दोघे रिक्षाने दवाखान्यात धावले. परत आले तेव्हा पंत खोक्यात, गरम पाण्याच्या बाटलीला टेकून पडले होते आणि काकूंचे डोळे सुजले होते.

"तिथे शहात्तर भरला! काल इथे नव्वद होता!" त्यांनी मला उचलले. "पंधरा दिवस आधी कळलं असतं तर दवा बदलली असती, असं डॉक्टर म्हणाल्या. हा मेला काटाच दगाबाज निघाला. कबाडीला देऊन टाका!"

"त्याला काही बोलू नकोस," काका म्हणाले. त्यांनी मला काकूंच्या हातून घेतले, ओट्यावर ठेवले, बटण दाबले आणि माझ्यावर नुसती कापडाची घडी ठेवली.

चौदा.

काकूंनी मनातल्या मनात नव्वदातून चौदा वजा केले.

"तू जेवत नव्हतीस, कांचन. वाटलं, चार दिवसांत तो भरून येईल."

"अहो, मी राहिले असते चार दिवस उपाशी!" काकूंना रडू फुटले. "मला बोलता तरी येतं. त्यानं कुणाला सांगायचं?"

तीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका शोधणारा माणूस मान खाली घालून उभा होता. माझा राग कुठल्या कुठे गेला, त्यांची दयाच आली. मग त्यांनी स्वतः डॉक्टरांना फोन लावला. "मॅडम, आकडे मी खोटे सांगितले," ते म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादा म्हातारा मुका जीव असेल. त्याला ऊब द्या, भरवा, हवे तेवढे लाड करा. पण आपल्याला बरे वाटावे म्हणून त्याचे दुखणे झाकू नका. तुम्ही पाहिले नाहीत, तर त्याला दुसरे कोण आहे?

त्याला आज चार दिवस झाले. दर दोन तासांनी काका पंतांना नळीने पातळ खाणे भरवतात. पंत वाचतील का, हे डॉक्टरही सांगत नाहीत. आज सकाळी काकूंनी कापड आधी ठेवले आणि बटण स्वतः दाबले. काकांनी पंतांना आत ठेवले. माझा आकडा जरा हलला आणि थांबला.

"पंच्याहत्तर," काकूंनी मोठ्याने वाचले.

काकांनी डोळे मिटून घेतले. काकूंनी चहाचा कप उचलला आणि त्यांच्यासमोर शेवटच्या घोटापर्यंत संपवला.