गाळणीतला खडा

प्रमोदला मुतखड्याने दुसऱ्यांदा आडवा पाडल्यावर डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: पडलेला खडा आणून द्या. तो ऑक्सलेटचा निघाला तर सायट्रेट देता येईल. ते लघवीत उतरलं की स्फटिक एकमेकांना चिकटत नाहीत, नवा खडा धरत नाही. पण फॉस्फेटचा असला, तर तेच औषध तो वाढवायला मदत करायचं. म्हणजे खडा हाती येईपर्यंत औषध नाही, नुसती तिसऱ्या कळेची वाट पाहायची. त्याच्या बायकोने, वासंतीने, दोन्ही वेळा त्याला फरशीवर लोळताना पाहिलं होतं.

इथे परदेशात, 'ते रापा' नावाच्या उपनगरातल्या दूधपावडरीच्या कारखान्यात नळ्यांवर क्षार धरू नयेत म्हणून पाण्यात काय घालायचं, हे प्रमोदचं रोजचं काम. त्यामुळे जाळ्या-गाळण्यांतलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असा त्याचा ताठा. हॉस्पिटलने दिलेली कागदी गाळणी त्याला तकलादू वाटली.

शनिवारी टाकानिनी उपनगरातून त्यांचं मित्रजोडपं, मोरेश्वर आणि मंदा, आलं. वासंतीने आलं घालून चहा केला, ओट्यावरच्या गाळणीने गाळला आणि चोथा ओल्या कचऱ्याच्या डब्यात झटकला. कप रिकामे झाल्यावर प्रमोदसाहेब आंघोळ करून बाहेर आले आणि तिला स्वयंपाकघरात ओढत घेऊन गेले.

"ओट्यावरची गाळणी धुतलीस? आत खडा होता. सकाळी पडला, वाळत ठेवला होता."

"चहाच्या गाळणीत? प्रमोद, त्यात तू..."

"अगं, हीप्स, भरपूर गरम पाण्याने फ्लश केली होती! प्लांटवर आम्ही असंच करतो."

वासंती स्वतः कपभर प्यायली होती, वर मंदाला आग्रह करून दुसरा पाजला होता. इंजिनियर म्हणे! अक्कल शेण खायला गेली होती मेल्याची.

"आता तूच शोध," ती म्हणाली.

तो डब्यावर वाकला आणि पुन्हा कळ येऊन कंबर धरून मटकन खाली बसला. चेहरा पांढराफटक. वासंतीने त्याच्याकडे बघितलं, मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि बाही वर सारली. डब्यात कालच्या कोळंबीची सालं, नासलेलं दूध, बुळबुळीत केळं. ती चोथा बोटांनी चिवडत राहिली. शेवटी मोहरीएवढं काहीतरी खरखरीत लागलं.

"वासंती, चहा फक्कड झाला होता गं," दारातून मंदा म्हणाली. "अजून घोटभर मिळेल?"

"दूध संपलं."

हाताचा वास थेट नाकात जात होता. नळ समोरच होता, पण पाण्याबरोबर खडा वाहून जाईल या धास्तीने तिने मूठ उघडली नाही.