गम हॉलोच्या नळाचा अर्ज

अर्जातलं ते वाक्य माझं होतं. पिंकस्टनबाईंचं नाही, पाद्रीसाहेबांचं नाही, माझं. गल्लीतल्या बायका मला तोंडावर काही बोलत नाहीत, पण बोलायला कशाला हवं? मला काय ते कळत नाही?

आमच्या गम हॉलोत, शहराच्या कडेच्या काळ्यांच्या वस्तीत, एकोणसाठ घरं आणि दोन विहिरी. वरची विहीर त्या वर्षी फेब्रुवारीतच आटली. राहिली खालची, आणि ती होती संडासांच्या उताराला. पाऊस झाला की पाण्याला वास यायचा. उकळून प्या म्हणून सांगणारे खूप होते, पण सरपण कपड्यांच्या काहिलीला पुरेना, तिथे प्यायच्या पाण्याला कुठून आणणार? गिरणी बंद पडल्यापासून पुरुषमाणसं ओट्यावर बसलेली, नाहीतर मालगाडीवर चढून कुठेतरी गेलेली. माझा नवरा ऑटिस त्यातलाच. कॅन्ससहून एक पत्र आलं, मग तेही नाही. गल्ली चालायची ती आम्हा धुणेवाल्यांवर. सोमवारी गोऱ्यांच्या घरून गाठोडी आणायची, उकळायची, चोळायची, नीळ-खळ करायची, इस्त्री फिरवायची आणि शनिवारी डोक्यावरून पोचती करायची. पाणी त्याच विहिरीचं.

त्याच्या आदल्या सप्टेंबरात माझी नेटी तापाने गेली. आठ वर्षांची होती. एकवीस दिवस अंथरुणात होती आणि शेवटचे चार दिवस तिने मला ओळखलंही नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, टायफॉईड, विहिरीतून आला. धाकटी रूबी चार वर्षांची. ती अजून तेच पाणी पीत होती आणि पुन्हा उन्हाळा तोंडावर आलेला. मला नळ हवा होता. देवाकडे आणि नगरपालिकेकडे मी दुसरं काही मागत नव्हते.

नळ काही चंद्रावर नव्हता. सायकमोर रस्त्यापर्यंत नगरपालिकेची पाइप आलेली होती, आमच्या गल्लीच्या तोंडापासून दोनशे पावलांवर. तिथून पुढे गोऱ्यांची वस्ती संपते म्हणून पाइपही संपते. कोपऱ्यावरच्या घरात दुपारभर गवतावर पाणी उडत असायचं. गाठोडं घेऊन जाताना मी त्या गवताकडे बघायची आणि माझं डोकं फिरायचं.

पिंकस्टनबाई आमच्या शाळेत शिकवायच्या. त्यांनी आधी दोन अर्ज केले होते, सुंदर भाषेत, ‘या शहराचे करदाते नागरिक’ वगैरे. नगरपालिकेच्या बैठकीत आमचा कागद नेहमी सगळ्यात शेवटी. गोरे लोक उठून जायला लागले की कारकून नुसतं वरचं नाव वाचायचा आणि महापौर म्हणायचे, दप्तरी ठेवा. झालं. आम्हाला वरच्या सज्जात बसता यायचं, पण बोलायची सोय नव्हती. आमच्या वतीने कुणा गोऱ्या नगरसेवकाला उभं राहावं लागे. या वेळी ट्रॅमेलसाहेब तयार झाले. त्यांच्या घरचं धुणं अकरा वर्षं माझ्याकडे होतं, मीच बाईसाहेबांच्या कानावर घातलं होतं.

तिसरा अर्ज लिहायला आम्ही चर्चच्या मागच्या खोलीत जमलो. बाईंनी पुन्हा ते करदाते नागरिक सुरू केलं आणि मला हसू आलं.

मी म्हटलं, “बाई, आमच्या मुली मेल्या म्हणून त्यांच्या पोटात तुटणार नाही. त्यांच्या अंगावरच्या कपड्यांचं सांगा. लिहा, आम्ही ज्या विहिरीचं पाणी पिऊन मरतो त्याच पाण्यात तुमच्या उशांचे अभ्रे आणि तुमच्या लेकरांची दुपटी धुतली जातात.”

 मग माझी शेजारीण मोझेल म्हणाली, लुव्ही, तुझी जीभ म्हणजे काय आहे गं. पण कौतुकाने म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “घाबरलेली माणसं पाणी देतील कशावरून, लुव्हीनिया? दार लावून घेतील.”

“अकरा वर्षं त्यांच्या चड्ड्या धुतेय मी. तुम्ही पुस्तकं वाचता. मला सांगू नका गोरे कसे असतात ते.”

सगळ्या हसल्या. बाईसुद्धा ओठ दाबून हसल्या आणि वाक्य लिहून घेतलं. आता वाटतं, तेव्हा कुणीतरी माझं थोबाड फोडायला हवं होतं. मी तिथेच थांबले नाही. म्हटलं, नुसतं लोक मेले म्हणून चालणार नाही, नावं द्या. पाद्रीसाहेबांनी दफनाची वही आणली. दोन वर्षांत तापाने गेलेले पंधरा. प्रत्येक नावापुढे घरच्या माणसाने सही करायची, येत नसेल तर फुली. मोझेलच्या नवऱ्याचं नाव तिसरं होतं, तिने फुली केली. मला लिहिता येतं. मी बाईंच्या हातून पेन घेतलं आणि बाराव्या ओळीवर स्वतः लिहिलं, नेटी मे टोल्बर्ट, वय आठ. खाली माझी सही. अक्षर चांगलं यावं म्हणून श्वास धरून लिहिलं. लुडी क्रील म्हणून एक होती, तिचाही भाऊ गेला होता, ती म्हणाली मी या भानगडीत पडणार नाही, तेव्हा यादीत चौदा नावं राहिली. तिला आम्ही काय काय बोललो ते सांगत नाही.

बैठक मंगळवारी दुपारी तीनला. आम्ही तेवीसजणी रविवारचे कपडे घालून सज्जात बसलो. खाली आधी बागेतल्या बँडच्या मंडपाला पांढरा रंग द्यायचा की हिरवा, यावर तासभर डोकं खाजवणं चाललं. त्या बागेत आम्हाला पाय ठेवायची परवानगी नाही, त्यामुळे आमचं काही मत नव्हतं. मग आमचा कागद आला. ट्रॅमेलसाहेब उभे राहिले आणि त्यांनी नुसतं नाव नाही, सगळा अर्ज वाचला.

ते वाक्य आलं तेव्हा महापौरांनी सिगार खाली ठेवली. एका जाड्या नगरसेवकाने मान वाकडी करून स्वतःची कॉलर बघितली. मी मोझेलला कोपराने ढोसलं आणि म्हटलं, बघ. खरं सांगते, त्या क्षणी मी फार खूश होते. नेटी गेल्यापासून पहिल्यांदा.

त्यांनी आरोग्य अधिकाऱ्याला बोलावून घेतलं. अर्धा तास डोकी जवळ आणून हळू आवाजात बोलणं चाललं. आमच्या कामाला आजवर कुणी पाच मिनिटं दिली नव्हती. शेवटी कारकुनाने भराभर काहीतरी वाचलं, ‘गम हॉलो’ आणि ‘तातडीने’ एवढंच वर ऐकू आलं, आणि नऊच्या नऊ हात वर गेले. एकही विरोधी नाही. सज्जात टाळ्या वाजवायची मनाई, म्हणून आम्ही नुसतं आमेन आमेन पुटपुटलो. जिन्यात मोझेलने माझे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. गल्लीपर्यंत बायका गात आल्या. म्हातारी सिस्टर डेल्फी म्हणाली, नळाला लुव्हीचं नाव द्या. मी नको नको म्हणत होते, पण आतून मला ते हवंच होतं.

पिंकस्टनबाई तेवढ्या गात नव्हत्या. गुरुवारी सकाळी मी काहिलीत दांडकं फिरवत होते तेव्हा त्या वर्तमानपत्र घेऊन आल्या आणि अंगणात उभ्या राहूनच वाचायला लागल्या. नळाचा विचार नगरपालिकेची आर्थिक परिस्थिती सुधारल्यावर करण्यात येईल. मात्र सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने, ज्या घरात गेल्या दोन वर्षांत तापाचा रोगी होता त्या घरात धुतलेले कपडे एक तारखेपासून शहरात आणता येणार नाहीत. प्रत्येक धुणेवालीने आरोग्य कार्यालयाचं कार्ड जवळ बाळगलं पाहिजे. नाहीतर तुरुंग.

“आणि पाणी?” मी विचारलं.

“पाणी नाही.”

मी तुला सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं, मला भांडता आलं असतं. त्यांनी घडी घातली आणि शाळेत गेल्या. मी दांडकं फिरवत राहिले. काहिलीत ट्रॅमेलसाहेबांचे सदरे होते.

शनिवारी गाठोडं घेऊन गेले तर बाईसाहेबांनी मला मागच्या ओट्यावर चढूच दिलं नाही. स्वयंपाकिणीला हातमोजे घालून फाटकाशी पाठवलं आणि स्वतः खिडकीतून बोलल्या. किती गोड बोलल्या. म्हणाल्या, साहेब तुमच्या लोकांसाठी केवढे झगडले बघ, आता तू लवकर कार्ड काढ बाई, तुझ्यासारखी कॉलरला खळ दुसऱ्या कुणाला जमत नाही. मी म्हटलं, होय बाईसाहेब. दुसरं काय म्हणणार?

कार्डाची गंमत अशी की तापाचे रोगी कोणत्या घरात होते हे नगरपालिकेला शोधावं लागलं नाही. आम्हीच यादी दिली होती, नावानिशी, सह्यांनिशी. लुडी क्रीलचं नाव यादीत नव्हतं, तिला पहिल्या दिवशी कार्ड मिळालं. ती आमच्या अंगणावरून गाठोडं घेऊन जायची तेव्हा मान खाली घालून जायची, एवढं मात्र मानलं पाहिजे.

मग बातमी आली की कारकून तसा माणुसकीचा आहे. नाव चुकून यादीत पडलं असं जाऊन सांगितलं तर तो खोडून देतो. मोझेल पहिली गेली. नवरा छातीच्या दुखण्याने गेला, असं सांगून आली. कार्ड घेऊन आली आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे न बघता घरात गेली. आठवड्यात दहाजणी जाऊन आल्या. कुणाचं बाळ जन्मतःच मेलेलं ठरलं, कुणाची आई म्हातारपणाने गेली. माझ्यावर कुणी ओरडलं असतं तरी चाललं असतं. विहिरीवर मी गेले की बायका घागर भरून घ्यायच्या आणि वाटेला लागायच्या.

एक तारीख उलटून बारा दिवस झाले होते. घरात मक्याचं पीठ होतं तेही तळाला गेलेलं. संध्याकाळी पिंकस्टनबाई आल्या.

म्हणाल्या, “चार नावं उरलीत, लुव्हीनिया. तुझं गेलं की कागदात काही जीव राहत नाही. राहिलं तर शरद ऋतूत मी तो पुन्हा पुढे आणीन.”

मी रूबीकडे बोट दाखवलं. “तोवर ही काय खाईल, बाई?”

 शाळेचा पगार त्यांनाही मिळालेला नव्हता, नाहीतर त्यांनी दिलं असतं, मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, “जा तू. मी तुला वाईट म्हणणार नाही.” मी म्हटलं, तुम्ही म्हणा हो, निदान कुणीतरी म्हणा. आणि मला रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नगरपालिकेत गेले. आमची खिडकी मागच्या बाजूला, बोळात. कारकून पर्व्हिससाहेब, पंचविशीचा असेल, केस चापून बसवलेले. वाईट बोलला नाही. वाईट बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने यादी काढली आणि बाराव्या ओळीवर बोट ठेवलं. माझं अक्षर मला उलटं दिसत होतं.

“नेटी मे टोल्बर्ट. ही तुझीच ना?”

“नाही साहेब.”

“आडनाव तर तेच आहे.”

“आमच्यात टोल्बर्ट पुष्कळ आहेत, साहेब.”

“मग ही खाली सही कुणाची?”

“ठाऊक नाही. मला लिहिता येत नाही, साहेब.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, आणि कळूनही तो काही बोलला नाही, म्हणूनच लोक त्याला माणुसकीचा म्हणायचे. त्याने एक छापील कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, माझ्या घरी गेल्या दोन वर्षांत तापाने कुणीही आजारी पडलेलं नाही, कुणीही मेलेलं नाही. मी तो सगळा वाचला, आणि वाचतेय हे त्याला दिसू नये म्हणून मधूनमधून भिंतीकडे बघत वाचला. मग त्याने सांगितलं तिथे फुली केली. त्याने पट्टी घेतली, नेटीच्या नावावर नीट आडवी ठेवली आणि रेघ ओढली. शाई ओली होती म्हणून वर टीपकागद दाबला.

कार्ड निळं होतं. त्यावर लिहिलं होतं की लुव्हीनिया टोल्बर्टच्या घरचं धुणं निर्धोक आहे.

ट्रॅमेलसाहेबांच्या घरून दोन गाठोडी घेतली आणि घरी आले. रूबी ओट्यावर बसली होती. म्हणाली, आई, तहान लागली. मी गाठोडी खाली ठेवली, घागर उचलली आणि खालच्या विहिरीवर गेले.