डावं पेडल
थोरला कारखान्यात फिटर. वीस वर्षं नटबोल्टांत गेलेली. आणि अप्पांनी आपली जुनी सायकल दुरुस्त करायला दिली कुणाला, तर धाकट्याला! ज्याला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही, त्या कारकुनाला!

"दादाला कामाचा व्याप," म्हणे. व्याप कसला डोंबलाचा! अप्पांना दवाखान्यात न्यायचं असलं की नसतो वाटतं व्याप?

पंधरा दिवस थोरला नुसता जळत होता. धाकट्याने फोनवर बघून बघून गंज खरवडला, चाकं सरळ केली, काळा रंग दिला. अप्पा खुर्ची टाकून समोर बसायचे आणि उठताबसता, "शाब्बास रे वाघा!" थोरल्याला उभ्या जन्मात त्यांनी वाघ सोडा, मांजरसुद्धा म्हटलं नव्हतं. एका शाब्बासकीसाठी तो आजही तळमळायचा.

रविवारी फक्त पेडलं बसवायची राहिली. थोरला चहाचा कप घेऊन दारात उभा. अप्पा पलीकडे खुर्चीत, पेपरात डोकं घालून. दोन्ही पेडलं दिसायला सारखीच, पण डाव्याचे आटे उलटे असतात. धाकट्याने नेमकं उजवं पेडल डाव्या बाजूला लावायला घेतलं. थोरल्याला ते लांबूनच कळलं.

"दादा, हे जात का नाही रे?"

एक शब्द पुरला असता.

"जोर कमी पडतोय तुझा," थोरला म्हणाला आणि त्याने चहाचा घोट घेतला. काय गोड लागला तो चहा!

धाकट्याने पान्याला पाइप अडकवला आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. कर्रकन आवाज झाला. पेडल वाकडं होऊन लोंबायला लागलं, आतल्या आट्यांचा पार भुगा.

अप्पा काठी टेकत उठले. पेडल ओढून काढलं, आटे अंगठ्याने चाचपले. थोरल्याकडे वळले.

"डाव्याचे आटे उलटे असतात. तुला माहीत नव्हतं?"

"नाही अप्पा," थोरल्याच्या तोंडून निघून गेलं.

तो दहा वर्षांचा असताना, याच सायकलपाशी बसून, अप्पांनीच त्याचा हात धरून डावं पेडल उलटं फिरवायला शिकवलं होतं. दोघांनाही ते लख्ख आठवत होतं.

"मग माझंच चुकलं," अप्पा म्हणाले. "मीच शिकवायला कमी पडलो."

पेडल त्याच्या हातात देऊन ते आत गेले.