पहिला मजला, दुसरा मजला

"सर, परत बाहेर!" भूमिका बॅट टेकवून ओरडली.

एका पोरीने उडवलेला चेंडू माझ्या पायाशी पडला होता. थाळी दोन हात लांब राहिली.

पेसापालो हा फिनलंडचा जुना खेळ. यात गोलंदाज समोरून धावत येत नाही. तो फलंदाजाच्या शेजारी उभा राहून चेंडू सरळ वर उडवतो. खाली येताना फलंदाजाने तो मारायचा. नाही मारला तर जमिनीवरच्या थाळीत पडलाच पाहिजे. ऐकायला पोरखेळ वाटतो. सोळा वर्षांपूर्वी आमच्या रामवाडीच्या क्लबात चेंडू उडवणारा मी एकटा होतो. माझा खांदा निखळला आणि खेळच बंद पडला. मग कारकुनी करत मी ते शल्य जपलं. यंदा मुलींचा संघ जमवला, माळ्यावरच्या बॅटी उतरवल्या. रविवारी रोह्याच्या मुली सामन्याला येणार होत्या. सामना रंगला तर मैदान तुमचं, नाहीतर क्रिकेटवाल्यांना देऊ, असं क्लबच्या कमिटीने बजावलं होतं. आणि चेंडू सरळ उडवणारं एकही माणूस आमच्याकडे नव्हतं. पोरींचे चेंडू पार वडखळ गावाला जायचे तेवढे बाकी होते.

मैदानाच्या कडेला क्लबच्या खोलीचं बांधकाम चालू होतं. वर परांचीवर दामू गवंडी, खाली आदिवासी वाडीवरची पारी हिलम. पारी वीट वर उडवायची, दामू न बघता हात पुढे करायचा, वीट हातात. तोवर पारी पुढच्या विटेला वाकलेली. आठ दिवस हे चाललं होतं आणि मी शहाणा तिकडे पाठ करून उभा! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"पारीबाई, हा चेंडू जरा उडवून बघता?"

"मग विटा कोन देनार, तुमी?" ती हसली.

"जा गो," दामू वरून म्हणाला. "मी तंबाखू मळतो तवर."

तिने चेंडू तळहातावर तोलला. "याला तर वजनच नाय." थाळीशी उभी राहून तिने तो उडवला आणि सवयीने लगेच बाजूला वाकली, पुढची वीट उचलायला. तिथे वीट कुठली! पोरी खिदळल्या. तेवढ्यात थाळीवर टप् वाजलं. अगदी मधोमध.

दहा वेळा उडवला. दहाही वेळा ती वाकली, दहाही वेळा थाळी वाजली. चेंडू उडवून बॅटच्या वाटेतून बाजूला हो, हे मी पोरींना घसा कोरडा होईस्तोवर सांगत होतो. हिच्या हाडात ते आधीच मुरलेलं.

रविवारी पारी लुगड्यावर संघाचा टीशर्ट चढवून आली. रोह्याच्या मुली एकमेकींना कोपर मारून हसल्या.

"सर, पयला मजला का दुसरा?" तिने हळूच विचारलं.

मला आधी कळेना. मग कळलं, चेंडू किती उंच हवा ते ती विटांच्या हिशेबाने मजल्यांत विचारत होती. "दुसरा," मी म्हणालो.

चेंडू इतका वर गेला की रोह्याची फलंदाज बॅट आधीच फिरवून बसली. टप्. पुढचा पहिला मजला. तिची बॅट पोचेपर्यंत टप्. तिसऱ्या वेळी बॅट पारीच्या वाकलेल्या पाठीवरून नुसतीच वारा घालून गेली. कमिटीचे अध्यक्ष खुर्चीतून कधी उठले, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. आम्ही एका धावेने जिंकलो. "मैदान राहू दे तुमचं," एवढंच बोलून अध्यक्ष गेले.

ऊन उतरलं तशी मी थाळी उचलायला गेलो. पारी एकटीच चेंडू उडवत होती. एकदा उडवून ती वाकली नाही. मान वर करून बघत राहिली. चेंडू वर गेला, खाली आला आणि तिच्या ओंजळीत पडला.

"सर, वर टाकलेलं आजवर वरच ऱ्हायलं," ती म्हणाली. "कोनाकोनाची घरं झाली. माज्याकडं परत आलेलं हे पयलंच."

चेंडू क्लबचा होता, मी मागितला नाही. तो मुठीत धरून ती वाडीच्या वाटेला लागली.