शॉवरच्या तोंडातले बिऱ्हाड

मी एक जुना शॉवर आहे. माझ्या तोंडाला बेचाळीस छिद्रे. त्यांतली सव्वीस वाहती, अकरा क्षाराने बुजलेली आणि पाचांतून पाणी वाकडे उडायचे. आत, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे बुळबुळीत थर होता.

मित्रांनो, मी नवा होतो तेव्हा घरातल्या आत्या म्हणायच्या, "याच्याखाली उभं राहिलं की शीण पळतो." ते ऐकून मी फुगायचो. पुढे मला घासायचे सगळे विसरले आणि मीही आतल्या थराकडे काणाडोळा केला.

मग आत्यांना खोकला लागला. सगळ्यांनी टीबीच धरला. गोळ्या सुरू झाल्या. वहिनी बाथरूमच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "वन्सं, तुमचा कप वेगळा ठेवलाय. राग मानू नका."

"राग कसला? टॉवेलही वेगळा दे. जहागीरदारीणच झाले मी," आत्या हसल्या. दार लावल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

वाफेने छाती मोकळी होते, म्हणून त्या खिडकी बंद करून माझ्याखाली गरम पाण्यात बराच वेळ उभ्या राहत, खोल श्वास घेत. खोकला वाढला, तशी वाफही वाढली.

गोळ्या लागू पडेनात, तेव्हा प्रयोगशाळेतल्या बाई घरी आल्या. "थुंकीतला जंतू टीबीचा नाही, त्याच्या भाऊबंदांतला आहे. तो पाण्यात राहतो. तुमच्याकडून घरच्यांना लागण्याची भीती जवळजवळ नाही."

वहिनी पुटपुटल्या, "आणि मी कप वेगळा केला."

"धुवायला एक जास्त, एवढंच," आत्या म्हणाल्या. "पण बाई, पाणी सगळेच वापरतात. मलाच का?"

"तुमचं फुप्फुस थोडं नाजूक आहे. शिवाय एकाच नावाच्या जंतूंतही घराणी असतात. जनुकं वेगळी, तसा स्वभाव वेगळा. काही येऊन जातात, काही ठाण मांडतात. तुमचा कुठून आला, ते जनुकांची अक्षरं जुळवून बघू. फरक जितका कमी, तितकं नातं जवळचं."

त्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाचा नमुना घेतला आणि मला उघडले. पांढरा कापूस काळा होऊन बाहेर आला. माझी मान तर जन्मापासूनच खाली. त्या दिवशी ती पहिल्यांदा शरमेने खाली होती.

मित्रांनो, तुमच्या घरच्या शॉवरचे कौतुक करू नका. त्याला अधूनमधून उघडा, आतून घासा आणि खिडकी उघडी ठेवा.

मलाही काढून त्यांनी सोबत नेले; आता मी प्रयोगशाळेच्या टेबलावर पिशवीत पडून आहे. बाईंनी निकाल वाचला: एकूण अक्षरे सुमारे पन्नास लाख. नळ आणि रुग्ण यांच्या जंतूंत फरक नऊ हजार एकशे बारा अक्षरांचा. शॉवर आणि रुग्ण यांच्या जंतूंत फरक तीन अक्षरांचा.